आतड्यातील प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते

मोठ्या आतड्यात गाठ आढळली, की रुग्णाच्या मनात प्रथम कर्करोगाचीच शंका येते. काही गाठी मात्र निव्वळ चरबीच्या असतात. 'लायपोमा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गाठी कर्करोगात रूपांतरित होत नाहीत.

आतड्याच्या उजव्या भागात, बहुधा पन्नाशीनंतर त्या आढळतात. लहान गाठ त्रास देत नाही. अन्य कारणासाठी केलेल्या कोलोनोस्कोपीत ती अवचित दिसते. पिवळसर, गुळगुळीत गाठ चिमट्याने दाबल्यास उशीसारखी दबते आणि पुन्हा वर येते. ती अंतःत्वचेखाली असल्याने वरवरच्या बायोप्सीत चरबी हाती लागतेच असे नाही. सीटी स्कॅनमध्ये ती ओळखता येते.

लहान गाठीला उपचार लागत नाहीत. दोन सेंटिमीटरहून मोठ्या गाठीमुळे पोटदुखी किंवा रक्तस्राव होऊ शकतो. हे रक्त मूळव्याधीचे समजून अनेकजण दुखणे अंगावर काढतात. क्वचित आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरून मार्ग बंद होतो. तेव्हा शस्त्रक्रियाच करावी लागते. एरवी देठ असलेली गाठ दुर्बिणीतून फास टाकून काढता येते. रुंद बुडाच्या गाठीत मात्र आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो.

मुलुंड, घाटकोपरच्या रुग्णांना शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील, तर अंधेरी, बोरिवलीकरांना मुंबई सेंट्रलजवळच्या नायर रुग्णालयातील पोटविकार विभाग रेल्वेने सोयीचा पडतो.