६०.६ टक्क्यांचे ४.३ टक्के कसे झाले? तिसऱ्या ब्रेक लाईटचा इतिहास

रिसर्च प्रपोजलमध्ये आपण सगळेच एक वाक्य लिहितो: 'या पद्धतीमुळे अमुक टक्के सुधारणा अपेक्षित आहे.' हा अमुक आकडा बहुतेक वेळा एखाद्या प्रयोगातून उचललेला असतो. प्रयोगातला आकडा रोजच्या जगात आला की त्याचं काय होतं, हे समजायला आज एका छोट्याशा दिव्याची चोवीस वर्षांची गोष्ट सांगतो.

सिग्नलला थांबलात की पुढच्या कारच्या मागच्या काचेकडे बघा. डावा-उजवा असे दोन ब्रेक लाईट असतातच, शिवाय मधोमध, थोडा वर, तिसरा लाल दिवा दिसेल. गाडीला धडक बसण्याआधी मागच्या ड्रायव्हरला सावध करायचं, एवढंच त्याचं काम. आजच्या कोलिजन वॉर्निंग सिस्टीमचा हा साधासुधा पूर्वजच म्हणा ना.

१९७४ मध्ये जॉन व्होएव्होड्स्की या मानसशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोमधल्या ३४३ टॅक्सींना मागे एक जादा दिवा लावला. १६० टॅक्सी तशाच ठेवल्या, म्हणजे हा झाला कंट्रोल ग्रुप. कोणत्या ड्रायव्हरला कोणती टॅक्सी द्यायची हे रँडम ठेवलं, म्हणजे चांगले ड्रायव्हर एकाच गटात गोळा व्हायला नकोत. दहा महिन्यांनी हिशेब केला, तर दिवा असलेल्या टॅक्सींना मागून बसणाऱ्या धडका ६०.६ टक्क्यांनी कमी! दुरुस्तीचा खर्चही जवळपास तेवढाच कमी.

डिझाईन उत्तम होतं. पुढे अमेरिकेत टॅक्सी आणि कंपन्यांच्या गाड्यांच्या ताफ्यांवर पुन्हा चाचण्या झाल्या. तिथेही ज्या धडकांमध्ये पुढच्या गाडीने ब्रेक लावलेला होता, त्या निम्म्याच्या आसपास कमी झाल्या. मागून होणाऱ्या एकूण धडकांपैकी अशा धडका साधारण दोन तृतीयांश. म्हणजे सगळ्या धडकांवर परिणाम किती? अंदाजे ३५ टक्के. इथे थांबून एक गोष्ट वहीत लिहून ठेवा: 'निम्मे' आणि '३५ टक्के' हा एकच निकाल आहे, फक्त छेद बदलला. पेपर वाचताना 'टक्के कशाचे?' हा प्रश्न पहिला विचारायचा तो यासाठी.

१९८३ मध्ये एलिझाबेथ डोल परिवहन मंत्री असताना नियम झाला आणि १९८६ च्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या प्रत्येक नव्या कारला हा दिवा सक्तीचा झाला. लोक गमतीने त्याला 'लिडी लाईट' म्हणू लागले.

आता खरी परीक्षा. सरकारी रस्ता सुरक्षा संस्थेने (तिला एनएचटीएसए म्हणतात) १९९८ मध्ये दीर्घकालीन मूल्यमापन प्रसिद्ध केलं. आठ राज्यांतल्या पोलीस नोंदी घेतल्या. दिवा असलेल्या १९८६ ते ८९ च्या गाड्या आणि दिवा नसलेल्या १९८२ ते ८५ च्या गाड्या यांची तुलना केली. पण कोणती गाडी किती किलोमीटर फिरली हे पोलिसांच्या नोंदीत नसतं. मग? मागून बसलेल्या धडका आणि इतर अपघात यांचं गुणोत्तर काढलं. गाडी जास्त फिरली तर दोन्ही वाढतील, गुणोत्तर फारसं हलणार नाही. डेटा अपुरा असताना वाट कशी काढायची, याचं हे छान उदाहरण.

निकाल असा: १९८७ मध्ये परिणाम ८.५ टक्के. नंतर तो घसरला आणि १९८९ ते १९९५ या काळात ४.३ टक्क्यांवर स्थिरावला.

कुठे साठ, कुठे चार! मग व्होएव्होड्स्की चुकला का? घाई नको. यात दोन वेगवेगळ्या घसरणी आहेत, त्या वेगळ्या करून बघू.

पहिली घसरण, ३५ वरून ८.५ वर. इथे मोजण्याची पद्धतच बदलली. ताफ्याचा मालक प्रत्येक पोचा मोजतो, पोलिसांकडे मात्र किरकोळ धडका पोहोचतच नाहीत. दिवसभर शहरात फिरणारी टॅक्सी आणि घरची कार यांचं ट्रॅफिकही वेगळं. शिवाय सॅन फ्रान्सिस्कोचा मूळ दिवा पिवळसर होता आणि गाडी जितक्या जोरात मंदावेल त्या प्रमाणात लुकलुकायचा. सक्तीचा झालेला दिवा लाल आणि स्थिर. म्हणजे ज्याची चाचणी आधी गाजली, तो दिवा नेमका हा नव्हताच.

दुसरी घसरण, ८.५ वरून ४.३ वर. इथे व्याख्या तीच, पद्धत तीच, फक्त वर्षं पुढे गेली. म्हणून इथे सवयीचं स्पष्टीकरण जास्त पटतं. शंभरात पाच गाड्यांना दिवा असेल तर तो डोळ्यांत भरतो. सगळ्यांनाच असला की त्याच्याकडे कोण बघतं? रँडमायझेशनने ड्रायव्हरमधला फरक पुसला, नावीन्य मात्र पुसता आलं नाही. कारण इथे प्रतिसाद देणारा माणूस मागच्या गाडीत बसला होता.

तरीही परिणाम शून्य झाला नाही, हे विसरू नका. त्याच अहवालाचा अंदाज होता की सगळ्या गाड्यांना दिवा लागल्यावर वर्षाला ९२,००० ते १,३७,००० अपघात टळतील. सगळ्या दिव्यांचा वार्षिक खर्च सुमारे २०.६ कोटी डॉलर, तर वाचणारं मालमत्तेचं नुकसान ६५.५ कोटी डॉलर. स्वस्त उपायाला ४.३ टक्केसुद्धा पुरतात.

आता आजच्या गाड्यांकडे येऊ. अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेच्या जेसिका सिचिनो यांनी २०१७ मध्ये पोलीस नोंदींवरूनच दाखवलं की नुसती धडकेची सूचना देणारी यंत्रणा असलेल्या गाड्या पुढच्या गाडीवर आदळण्याचं प्रमाण २७ टक्क्यांनी कमी होतं. सूचनेबरोबर गाडी स्वतः ब्रेकही लावत असेल तर ५० टक्क्यांनी. फरक कुठे आहे बघा: सूचना माणसाच्या लक्षावर अवलंबून, ब्रेक नाही. आणि सूचना बंदही करता येते. त्याच संस्थेने सर्व्हिसिंगला आलेल्या होंडा गाड्या तपासल्या, तेव्हा लेन सोडल्याची सूचना जेमतेम एक तृतीयांश गाड्यांत चालू होती. धडकेची सूचना मात्र जवळपास सगळ्यांत चालू होती. जी यंत्रणा विनाकारण किणकिणते, तिचं बटण लोक दाबतातच.

भारतातही आता एडीएएस असलेल्या गाड्या मिळतात आणि जाहिरातींत परदेशी टक्केवारी येते. पण मधून घुसणारी दुचाकी, पुसलेले पट्टे, उलट्या दिशेने येणारी रिक्षा हे त्या आकड्यांच्या डेटात नव्हतं. २७ आणि ५० हे त्या रस्त्यांचे आकडे आहेत. आपल्या रस्त्यांचे आकडे आपल्यालाच मोजावे लागतील, आणि एकदा मोजून थांबता येणार नाही. पाच वर्षांनी, गाड्या सर्रास झाल्यावर, पुन्हा मोजावं लागेल.

तुमच्यापैकी कुणी विषय शोधत असेल, तर हा घ्या. आणि प्रपोजलमध्ये 'अपेक्षित सुधारणा' लिहाल तेव्हा शेजारी तीन गोष्टी लिहा: टक्के कशाचे, मोजले कुणी, आणि नवेपणा ओसरल्यावर किती उरतील. गाईड नाही विचारणार कदाचित, पण व्हायव्हाला कुणीतरी नक्की विचारेल.