न दिलेला लाइक फीडमध्ये का दिसतो? यादीतला एक सेल ॲप कसा शोधते?

फीड भराभर सरकवताना कधी एखाद्या पोस्टवर क्षणभर भलताच फोटो दिसतो, किंवा आपण न दिलेला लाइक लाल झालेला दिसतो. अकाउंट हॅक झाले की काय, अशी शंका येते. अनेकदा कारण साधे असते: ॲप यादीतले सेल ज्या पद्धतीने वापरते, ती पद्धत.

आयफोनवर अशा यादीसाठी यूआयटेबलव्ह्यू वापरतात आणि तिच्यातल्या प्रत्येक ओळीला सेल म्हणतात. फीडमध्ये हजार पोस्ट असल्या तरी हजार सेल बनत नाहीत. स्क्रीनवर मावतील तेवढे आणि वर थोडेसे, इतकेच असतात. वरून दिसेनासा झालेला सेल नव्या पोस्टचा मजकूर घेऊन खालून परत येतो. एसटीतल्या सीटसारखे हे आहे. प्रवासी बदलतात, सीट तीच. आधीच्या प्रवाशाचा रुमाल सीटवर राहिला, की तुम्हाला भलता लाइक दिसतो.

ठरावीक सेल हवा असेल तर प्रोग्रामर त्याचा पत्ता देतो. त्याला इंडेक्सपाथ म्हणतात. त्यात विभाग आणि ओळ असे दोन आकडे असतात, मोजणी 0 पासून. पहिल्या विभागातली पाचवी ओळ म्हणजे विभाग 0, ओळ 4. हा पत्ता सेलफॉररो(ॲट:) या मेथडला दिला की सेल मिळतो, नाहीतर निल, म्हणजे काहीच नाही. आयओएस 15 च्या आधी ओळ दिसत नसेल तर निलच मिळे. 15 पासून टेबलव्ह्यूने तयार ठेवलेला सेल न दिसणारा असला तरी मिळू शकतो. स्विफ्टमध्ये निल न तपासता सेल जबरदस्तीने वापरला तर ॲप क्रॅश होते. जवळपास याच नावाची डेटासोर्सची मेथडही आहे, पण ती टेबलव्ह्यूने बोलवायची असते. आपणच बोलवली तर स्क्रीनवरचा सेल हाती येत नाही, दुसराच येतो. नावे इतकी सारखी ठेवायला नको होती, असे वाटते.

अँड्रॉइडच्या रिसायकलरव्ह्यूमध्येही हाच प्रकार.

म्हणून लाइकची नोंद सेलमध्ये नव्हे, डेटामध्ये ठेवायची आणि सेल भरताना दरवेळी नव्याने लावायची, हीच खरी दुरुस्ती. फोटो उशिरा डाऊनलोड झाला तर तो सेल अजून त्याच पोस्टचा आहे का, हेही तपासावे लागते.

वापरणाऱ्याने ती पोस्ट उघडून पाहावी. लाइक तिथे नसेल तर चूक फक्त दिसण्यातली. तिथेही असेल, तर मात्र कोणत्या डिव्हाइसवरून लॉगिन झाले आहे ते सेटिंग्जमध्ये बघा.