आयसीयूतील संसर्ग रोखणे परिचारिकांना अवघड का जाते?

नांदगाव पेठचा अत्यवस्थ रुग्ण सहसा जवळच्या अमरावती शहरातील आयसीयूत, म्हणजे अतिदक्षता विभागात दाखल होतो. तिथे मूळ आजारासोबत रुग्णालयातच लागणाऱ्या संसर्गाचाही धोका असतो.

संसर्ग कसा होतो?
श्वासनलिकेत, शिरेत आणि लघवीसाठी घातलेल्या नळ्या उपचाराला लागतातच. पण त्याच वाटेने जंतू फुप्फुसात, रक्तात आणि मूत्रमार्गात शिरतात. जंतू पसरण्याचे मोठे साधन म्हणजे हात.

वेळेचे गणित
रुग्णाला स्पर्श करण्याआधी आणि नंतर, निर्जंतुक कामाआधी, रक्त-लघवीशी संपर्क आल्यावर आणि खाटेजवळच्या वस्तू हाताळल्यावर, अशा ५ प्रसंगी हात स्वच्छ करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सॅनिटायझरने दर वेळी २० ते ३० सेकंद लागतात. एका रुग्णामागे तासाला १० वेळा हात स्वच्छ करायचे म्हटले, तर ५ मिनिटांपर्यंत जातात. ३ रुग्ण असतील तर १५ मिनिटे. औषधे, सक्शन, कूस बदलणे, तोंडाची स्वच्छता आणि नोंदी वेगळ्याच.

कोरोनाकाळाचा धडा
फेब्रुवारी २०२१मध्ये अमरावतीत कोरोनाचे रुग्ण झपाट्याने वाढले आणि पुन्हा लॉकडाउन लागला. अशा गर्दीत पीपीई किट परिचारिकेला वाचवते. पण तेच हातमोजे घालून दुसऱ्या रुग्णाला हात लावला, तर जंतूही सोबत जातात.

नातेवाइकांनी काय करावे?
सिस्टरने दारात थांबवले तर राग मानू नका. आत जाताना-येताना हात स्वच्छ करा, नळ्यांना हात लावू नका. ‘ही नळी अजून गरजेची आहे का?’ असे डॉक्टरांना जरूर विचारा.