वैशाख, शके 1860 : हर्णेच्या खळ्यातलं लग्न

तुम्हाला घरचं लग्न घरीच करायचं आहे. हॉल नको, रिसॉर्ट नको. हर्णेचं आजोबांचं घर, पुढे खळं, मागे आगर आणि साधं पण देखणं कार्य. ते कसं उभं करायचं, हे ज्यांच्या हाताखालून अशी कितीतरी लग्नं पार पडली त्यांच्याकडूनच शिकायला हवं. म्हणून शके 1860 च्या वैशाखात चला. इंग्रजी 1938 सालचा मे.

भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची बोट हर्णेसमोर खोल पाण्यात उभी आहे. किनाऱ्यापर्यंत ती जात नाही. खालून पडाव येऊन तिला भिडतो, लाटेबरोबर वर-खाली होतो, आणि खलाशी तुमचा दंड धरून ओरडतो, "आता या!" तुम्ही पाय टाकता. मागून ट्रंका येतात, वळकट्या येतात, गॅसबत्त्यांचं खोकं येतं आणि गिरगावातून घेतलेल्या शालूची पेटी हातोहात उतरते. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. मुंबईकर मामा भाच्यांना सांगतायत की 1755 साली कमोडोर जेम्सने हा किल्ला तुळाजी आंग्र्यांकडून घेतला आणि तेव्हा पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. पोरांचं लक्ष मात्र किनाऱ्यावरच्या बैलगाड्यांकडे आहे, कारण त्या लग्नघराकडे जाणार आहेत.

बेडं, म्हणजे आवाराचं फाटक, ओलांडून तुम्ही आत येता. खळ्यात मांडव चढतोय. मुहूर्तमेढ आधीच रोवलेली आहे, तिला आंब्याचा टाळा बांधलाय आणि हळदकुंकू लावलंय. बाकीचे खांब पोफळीचे, वर बांबूचे वासे, बांधायला सुंभ. एका कडेला कुळवाडी मंडळी झाप विणत बसली आहेत. जरा त्यांच्या शेजारी बसा. झावळी आधी पाण्यात भिजवलेली असते, म्हणजे वळवताना पात तुटत नाही. मग एक पात वर, एक खाली, असं गुंफत विणकर टोकापर्यंत जातो आणि शेवटच्या पातींची गाठ मारून झाप बाजूला टाकतो. बोलताना त्याचं हाताकडे लक्षही नसतं. हे झाप मांडवावर चढले की ऊन गाळून खाली उतरतं आणि वारा मात्र आरपार जातो. वैशाखातल्या दुपारी या मांडवाखाली उभं राहिलं की सावली कशी असावी ते कळतं.

वधूचे आजोबा ओटीवर झोपाळ्यावर बसलेत. त्यांना विचारा, "तिथी कशी धरलीत?" ते म्हणतील, "पंचांग पाहिलं, पण त्याआधी विहीर पाहिली." वैशाख उतरणीला लागला की विहिरीचा तळ दिसू लागतो आणि दोनशे पानांच्या कार्याला पाणी पुरत नाही. मृग लागला की मांडव घालणारे हात शेतात जातात. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणजे मुंबईचा पाहुणा यायचा कसा? आणि आंबा, फणस, कोकम हातात असतं ते याच दिवसांत. पाणी, माणसं, बोट आणि फळ या चारांचा मेळ जिथे बसतो, तिथेच जोशांनी मुहूर्त काढून दिला आहे. नियोजन म्हणतात ते हेच.

आता मागीलदारी चला. चर खणून चुलवण केलंय, आणि ते घराच्या पूर्वेला आहे. दुपारनंतर वारा समुद्रावरून येतो, त्यामुळे धूर डोंगराकडे जातो, मांडवात येत नाही. रहाट सकाळपासून थांबलेला नाही. बैल फिरतो, गाडगी भरून वर येतात, पाणी पन्हळीतून दोणीत पडतं. भांडी धुतलेलं पाणी पाटाने केळींना जातं. मोठाली तपेली, परातीएवढी झाकणं, हातभर लांबीचे झारे, सगळं गावकीचं आहे. देताना मोजून दिलंय आणि परत करताना मोजूनच घेतलं जाईल. वऱ्हाडाच्या जानवशाला शेजारच्या तीन घरांनी आपापली माडी मोकळी करून दिली आहे. एकट्या घराच्या ताकदीवर हे कार्य उभं नाही, आळी पाठीशी आहे म्हणून उभं आहे.

माजघरात मुसळाला आंब्याची पानं बांधून घाणा भरला जातोय. बायका ओव्या म्हणतायत. देवक बसलंय. कासार येऊन चुडा भरून गेला. कुंभाराने बोहल्याच्या चार कोपऱ्यांसाठी उतरंडी आणून दिल्यात. बोहलं मातीचं, काल रात्रीच सारवलेलं, अजून थोडं ओलसर आहे. त्याच्या कडेने आत्या रांगोळी काढतायत. चिमटीतून रेघ सुटते ती सरळ जाते, थांबते, वळते. सजावट म्हणावी तर एवढीच: आंब्याचे टाळे, केळीचे खुंट, झेंडूऐवजी आगरातला अबोली-मोगरा आणि ही रांगोळी. यातलं काहीही गावाबाहेरून आणलेलं नाही.

वधू सतरा वर्षांची आहे. आजीचं लग्न आठव्या वर्षी झालं होतं. हर्बिलास सारडांचा कायदा 1 एप्रिल 1930 पासून लागू झाला, त्याने लग्नासाठी मुलीचं किमान वय चौदा आणि मुलाचं अठरा ठरवलं. या घराने त्यापुढेही तीन वर्षं वाट पाहिली, मुलीला शिकू दिलं. मुंबईकर मावशी जरठ-कुमारी विवाहावरच्या, गेल्या साली निघालेल्या 'कुंकू' बोलपटाबद्दल सांगतायत आणि म्हातारी मंडळी कान देऊन ऐकतायत. घर बदलतंय. किती बदललंय ते संध्याकाळी कळेल.

मुहूर्त गोरजाचा. वैशाखात इथलं दिनमान जवळजवळ 32 घटकांचं असतं. जोशांनी सूर्योदयाला घटिकापात्र सोडलंय, ते पाहायला हवं. पाण्याने भरलेलं घंगाळ, त्यावर तरंगणारी तांब्याची वाटी, वाटीच्या बुडाला केसाएवढं छिद्र. पाणी आत झिरपत जातं, वाटी जड होते, कलते आणि बुडते. एक घटका झाली, म्हणजे 24 मिनिटं. एक पोरगा ती उचलून पुन्हा पाण्यावर ठेवतो आणि भिंतीवर कुंकवाचं बोट ओढतो. त्याला ही जबाबदारी दिल्यापासून तो जेवायलाही उठलेला नाही. मामांच्या खिशात घड्याळ आहे, तरी सगळे भिंतीवरची बोटं मोजतायत.

सीमांतपूजन होऊन वर मांडवात आला. सनई-ताशा गुरवांचा. आत गौरीहरापुढे वधू पिवळ्या अष्टपुत्रीत बसली होती, तिला मामा घेऊन येतात. कुंकवाचं स्वस्तिक काढलेला अंतरपाट दोघांमध्ये धरला जातो. ऊन तिरपं झालंय, झापांच्या फटींतून बोहल्यावर पडलंय. मंगलाष्टकं सुरू होतात. कुणी काका उंच सुरात, कुणी आत्या कापऱ्या आवाजात, स्वतः रचलेल्या ओळींसकट. माइक नाही, तरी शेवटच्या रांगेपर्यंत अक्षर न् अक्षर पोचतं, कारण मांडव माणसांच्या मापाचा आहे. अक्षता उडतात, अंतरपाट दूर होतो. मग कन्यादान, सूत्रवेष्टन, मंगळसूत्र, लाजाहोम, सप्तपदी. सात पावलं चालताना वधू एकदाच मागे बघते.

त्या नजरेच्या दिशेने तुम्हीही बघा. माजघराच्या दाराआड लाल आलवणातली आत्याआजी उभी आहे. पहाटे तीनला उठून सोवळ्यात पुरणावरणाचा सगळा भार तिने उचलला. याच नातीला तिने लहानाची मोठी केली. मांडवात मात्र ती येऊ शकत नाही. विधवेचं सावट नको म्हणून तिने स्वतःच मागे राहायचं असतं, कुणी सांगावंही लागत नाही. इथून दोन-तीन कोसांवर मुरुड. तिथल्या धोंडो केशव कर्व्यांनी 11 मार्च 1893 ला पुण्यात गोदूबाई या विधवेशी लग्न केलं, तर मुरुडच्या मंडळींनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. आज 1938 साली कर्वे ऐंशी वर्षांचे आहेत, स्त्रियांसाठी त्यांनी काढलेलं विद्यापीठ उभं आहे, आणि त्यांच्या गावाशेजारच्या घरात आत्याआजी अजून दाराआड आहे.

पंगत बसते. गॅसबत्त्या पेटल्या आहेत, त्यांची सूं-सूं सगळीकडे भरून आहे. पाट मांडलेत, केळीचं पान शेंड्याकडून डावीकडे. पानाभोवती रांगोळी, दोन पानांआड उदबत्ती. वाढण्याचा क्रम ठरलेला: आधी मीठ, मग लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे; भाज्या उजवीकडे; मधोमध भाताची मूद, वर वरण, वर तूप. फणसाच्या कुयरीची भाजी, डाळिंब्यांची उसळ, आंब्याची डाळ, पोह्याचे पापड, आमसुलाचं सार, जिलबी आणि ताजा मठ्ठा. वाढपी घरचीच मुलं आहेत, कमरेला पंचा बांधून. यजमान प्रत्येक पानासमोर वाकून विचारतात, "सावकाश होऊ द्या, काय हवं?" पाहुण्याला आपण इथे मोजले गेलो असं वाटत नाही, आपली वाट पाहिली गेली असं वाटतं.

पण पंगतीत कोण आहे आणि कोण नाही, तेही बघून घ्या. ज्यांनी झाप विणले ते कुळवाडी आगराच्या कडेला शेवटच्या पंगतीची वाट पाहतायत. महारवाड्यातून सरपण आणणारे बेड्याबाहेरच थांबलेत. कोळीवाड्यातल्या आणि मोहल्ल्यातल्या ओळखीच्या घरी शिधा पाठवलाय. मान राखला गेला आणि सोबत बसणंही टळलं. याच जिल्ह्यात, रत्नागिरीला, 1931 साली भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं पतितपावन मंदिर सर्व जातींना खुलं झालं, सहभोजनंही झाली. हर्णेच्या या खळ्यापर्यंत ते वारं अजून आलेलं नाही. मांडव जितका सुंदर आहे, तितकीच ही रेघ स्पष्ट आहे, आणि दोन्ही एकाच अंगणात आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोडा वेळ थांबा. झाल झाली, वरात गेली, सगळ्यांचे डोळे सुजलेत. मांडव उतरतोय. झाप फेकले जात नाहीत, ते पडवीच्या पश्चिम अंगाला बांधायला जातात, पावसाची झड अडवायला. पोफळीचे खांब आगरातल्या मांडवाला. उष्टी पानं गोठ्यात. भांडी मोजून गावकीत परत. संध्याकाळपर्यंत खळं पुन्हा सारवून होतं. एवढं मोठं कार्य झालं आणि मागे कचरा नाही.

आता तुमच्या काळात या. तुमच्या हर्णेच्या घराभोवतीचं आगर 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर तसं राहिलेलं नाही. दापोलीच्या किनाऱ्यावर माड आणि पोफळी आडव्या झाल्या. नव्याने लावलेल्या माडाला फळ धरायला वर्षं जातात. म्हणून तुमच्या लग्नाचा खर्च कुठे जातो याला इथे महत्त्व आहे. झाप, केळीची पानं, आंबे, कोकम, फुलं, वाजंत्री, स्वयंपाक हे सगळं हर्णे, मुरुड, आंजर्ले, आसूद इथून घ्या. मुंबईहून थर्माकोलची कमान आणि प्लॅस्टिकची फुलं आणणार असाल, तर लग्न हॉलमध्येच करा.

तिथी धरताना विहीर पाहा. ती मेअखेरपर्यंत पुरणार नसेल, तर माघ-फाल्गुन निवडा. पाहुणे खळ्याच्या मापाने बोलवा: एका वेळी जितकी पानं सावलीत बसतील, त्याच्या दुप्पट, त्यापुढे नाही. चुलवण वाऱ्याच्या दिशेने मांडा. मुहूर्त गोरजाचा घ्या, उन्हाचा त्रास वाचतो. सनई असू द्या, डीजे नको. शेजाऱ्यांना आमंत्रणाआधी मदत मागा, कारण मदत मागितलेला शेजारी पाहुणा राहत नाही, घरचा होतो. लग्नाची नोंद गावातच ग्रामपंचायतीत करा.

आणि शके 1860 च्या दोन चुका दुरुस्त करा. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. तुमच्या घराला ठरावाची गरज नाही. घरात नवरा गेलेली आई, काकू, आत्या असेल तर तिला बोहल्याशेजारी पहिल्या रांगेत बसवा, पहिली हळद तिच्या हातून लावा, सूनमुख तिला आधी बघू द्या. मांडव घालणारे, पाणी भरणारे, मासळी विकणारे शेजारी, सगळ्यांना तुमच्याच पंगतीत, तुमच्याच ओळीत पान वाढा, आणि स्वतः त्यांना आग्रह करा. एवढं केलंत, तर तुमचं लग्न त्या वैशाखातल्या लग्नापेक्षा सरस होईल.