उबवणी यंत्र आणि उद्योगधंदे

कोंबडीची अंडी उबवण्याच्या यंत्राचा आणि उद्योगधंद्यांचा काय संबंध, असे कोणीही विचारील. पण नव्या लहान धंद्यांना पहिली दोन-तीन वर्षे स्वस्त भाड्याने जागा, वापरावयास यंत्रे आणि चार शहाण्या गोष्टींचा सल्ला देणाऱ्या ज्या संस्था आज जागोजागी सरकारी पैशाने उभ्या आहेत, त्यांना जगभर ‘इनक्युबेटर’ म्हणजे उबवणी केंद्र असेच म्हणतात. हे नाव कसे पडले ती हकीकत मोठी गमतीची आहे.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात बटेव्हिया नावाचे लहानसे शहर आहे. तेथे मॅसी-हॅरिस कंपनीचा शेतीची यंत्रे तयार करण्याचा मोठा कारखाना होता. तो बंद पडला आणि गावावर अवकळा आली. काम शोधणाऱ्या शंभर माणसांपैकी अठराजण बेकार, अशी पाळी आली. गावातील मॅनकुसो कुटुंबाने ती साडेआठ लाख चौरस फुटांची रिकामी इमारत विकत घेतली आणि घरातल्या जोसेफ मॅनकुसो यांच्याकडे तिचा कारभार सोपविला. एवढी जागा घेणारा एखादा मोठा कारखानदार मिळेना. तेव्हा त्यांनी इमारतीचे तुकडे पाडले आणि 1959 साली लहान लहान धंदेवाल्यांना भाड्याने देण्यास सुरुवात केली. नुसती जागा देऊन ते थांबले नाहीत. कचेरीचे काम सर्वांना मिळून करता यावे अशी सोय केली, कर्ज मिळवून देण्यास मदत केली, धंद्यातील अडचणी ऐकून घेतल्या. भाडेकऱ्यांत एक कोंबडीची पिल्ले तयार करणारी कंपनीही होती. इमारतीत पिल्लांचा चिवचिवाट चाललेला असे, तेव्हा मॅनकुसो थट्टेने म्हणू लागले की आम्ही येथे धंदे उबवीत आहोत. थट्टेतले नाव पुढे सरकारी कागदपत्रांतही जाऊन बसले.

बटेव्हियाचे केंद्र खाजगी होते, हे मात्र ध्यानात ठेवावे. सरकारी पैशाने लहान उद्योगाला घर बांधून देण्याचा उद्योग आपल्या देशात त्याच्याही आधी सुरू झाला होता. 1953-54 साली फोर्ड फाउंडेशनच्या मार्फत आलेल्या तज्ज्ञांच्या मंडळाने आपल्या लहान धंद्यांची पाहणी केली. त्यानंतर राष्ट्रीय लघुउद्योग निगम 1955 साली स्थापन झाला. त्याच्याकडून कारागिराला यंत्र भाडेखरेदीने, म्हणजे हप्त्याहप्त्याने पैसे फेडण्याच्या बोलीवर मिळू लागले. त्याच साली राजकोट येथे पहिली औद्योगिक वसाहत सुरू झाली. मद्रासजवळ गिंडी येथील वसाहत 1958 सालची. सरकारने जमीन घ्यावी, रस्ता, पाणी, वीज आणावी, गाळे बांधावेत आणि ते भाड्याने किंवा हप्त्याने द्यावेत, अशी ही रीत होती. अंधाऱ्या बोळात लेथ चालविणाऱ्या माणसाला उजेडाची, हवेशीर जागा मिळणे ही काही लहान गोष्ट नव्हती.

पण या योजनेत एक उणीव होती असे मला वाटते. गाळा एकदा मिळाला की तो सोडण्याचे कारणच नव्हते. धंदा वाढला तरी माणूस तेथेच, बसला तरी कुलूप लावून तेथेच. शहरांजवळच्या वसाहती भरल्या आणि चालल्या, पण खेड्यापाड्यांत बांधलेले कितीतरी गाळे ओस राहिले. तेथे ना गिऱ्हाईक जवळ, ना कच्चा माल, ना सल्ला देणारा कोणी. चार भिंती आणि पत्रा म्हणजे धंदा नव्हे, हे घरात एखादा पदार्थ करून विकणाऱ्या बाईला कोणी सांगावे लागत नाही.

उबवणी केंद्राची रीत येथेच वेगळी पडते. पहिलटकरणीने माहेरी यावे, तिचे सगळे कोडकौतुक व्हावे, पण बाळ-बाळंतीण धडधाकट झाली की तिने आपल्या घरी जावे. तसा या केंद्रात येणाऱ्या धंद्याला मुदत असते, साधारण दोन-तीन वर्षांची. मुदत संपली की गाळा पुढच्या माणसासाठी रिकामा करावयाचा.

आपल्याकडे या रीतीचा पाया केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान खात्याने घातला. नव्या उद्योजकांसाठी 1982 साली त्या खात्याने एक राष्ट्रीय मंडळ नेमले आणि इंजिनीअरिंग कॉलेजांच्या आवारात उद्योजकांसाठी पार्क उघडण्यास मदत सुरू केली. तिरुचिरापल्लीचे असे पार्क 1986 साली निघाले. महाराष्ट्रात मुंबईच्या आयआयटीत ‘साइन’ ही संस्था 2004 साली, तर पुण्यात पाषाण येथे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आश्रयाने ‘व्हेंचर सेंटर’ 2007 साली सुरू झाले. माणसाशिवाय उडणारी लहान विमाने तयार करणारी ‘आयडियाफोर्ज’ कंपनी ‘साइन’मध्येच वाढलेली.

केंद्र चालते कसे, तेही सांगते. प्रथम एक यजमान संस्था लागते, बहुधा कॉलेज किंवा प्रयोगशाळा. ती जागा देते. मग केंद्रासाठी निराळी संस्था किंवा नफा वाटून न घेणारी कंपनी नोंदवितात, म्हणजे कॉलेजचा हिशेब आणि केंद्राचा हिशेब एकमेकांत मिसळत नाहीत. सरकार यंत्रसामग्रीसाठी आणि पहिली काही वर्षे चालू खर्चासाठी अनुदान देते. 2016 साली सुरू झालेल्या अटल इनोव्हेशन मिशनने तर एकेका केंद्राला पाच वर्षांत मिळून दहा कोटी रुपयांपर्यंत देण्याचे ठरविले. पैसे हप्त्याने येतात आणि आधीच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याशिवाय पुढचा मिळत नाही. कोणाला आत घ्यावयाचे हे निवड समिती ठरविते. अनुदान संपल्यावर केंद्राने भाडे, यंत्र वापरण्याची फी आणि काही ठिकाणी वाढलेल्या धंद्यातील लहानसा भाग यांवर आपला संसार आपण चालवावयाचा असतो. बरीच केंद्रे अडखळतात ती याच उंबरठ्यावर. चांगला व्यवस्थापक टिकत नाही आणि मग केंद्राचे नुसते स्वस्त भाड्याचे घर होते.

इस्रायलने 1991 साली काय केले ते ऐकण्यासारखे आहे. सोव्हिएत देशांतून आलेले शास्त्रज्ञ आणि इंजिनीअर यांच्यापुढे पोटाचा प्रश्न होता. सरकारने केंद्रे काढली आणि प्रत्येक कल्पनेला दोन वर्षे, खर्चाच्या शंभरातले पंच्याऐंशी रुपये दिले. माल विकला गेला तर विक्रीतून थोडे थोडे परत द्यावयाचे, फसला तर काही मागावयाचे नाही. सावकारी पाहिलेल्या आपल्या लोकांना हे वेडेपणाचे वाटेल, पण नव्या वाटेला कर्जाचे ओझे देऊन कोणी धावत नाही हे त्यांनी ओळखले होते.

आता आपल्या बायकांचे काय? बटेव्हियाची इमारत उघडली त्याच 1959 साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटावयास घेतले. तोच लिज्जत. त्यांना कोणत्याही केंद्राने उबविले नाही. खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यता आणि आठ लाख रुपयांचे खेळते भांडवल मिळाले ते 1966 साली, म्हणजे सात वर्षांनी, उद्योग पायावर उभा राहिल्यावर. त्या सात वर्षांत किती गच्च्यांवरचे पापड तसेच थांबले असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

पदवी आणि इंग्रजीतला अर्ज ज्यांच्यापाशी नाही त्यांच्यासाठी 2015 साली केंद्राच्या लघुउद्योग मंत्रालयाने ‘अस्पायर’ योजनेखाली उपजीविका केंद्रे काढण्याचे ठरविले. सुरुवातीच्या नियमांप्रमाणे सरकारी संस्थेला यंत्रांचा सगळा खर्च, जास्तीत जास्त एक कोटी रुपयांपर्यंत, मिळावयाचा होता. मसाला दळणे, फळे टिकविणे, शिवणकाम अशी कामे तेथे शिकावीत आणि यंत्रावर हात बसवून आपला धंदा काढावा, असा हेतू. कॉलेजातल्या केंद्रांपेक्षा मला हीच जवळची वाटतात.

आपल्यापैकी कोणी असे केंद्र पाहावयास गेल्या, तर इमारतीची रंगरंगोटी पाहून परतू नये. यंत्र दुपारच्या वेळी, म्हणजे घरचे आटोपल्यावर, मोकळे मिळते का ते विचारावे. पदार्थ तपासून मिळतो का, परवान्याचे कागद कोण भरून देते, हेही विचारावे. आणि मुदत संपून बाहेर पडताना पाकिटावरचे नाव आणि जोडलेले गिऱ्हाईक आपले राहणार की केंद्राचे, ते आधीच लिहून घ्यावे.