गिरणीतला दिवा आणि हिवाळ्याचा दिवस

मुंबईत हिवाळ्याची दखल धंदेवाल्यांनी घ्यावी अशी थंडी पडत नाही. तरीही गिरण्यांच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत हिवाळा इथे एक काम नेमाने करीत असे. तो कामाचा दिवस आखूड करी. कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये कंपनी काढली आणि 1856 मध्ये ताडदेवला त्यांची सूतगिरणी चालू झाली. तेव्हापासून विजेचे दिवे येईपर्यंत गिरणीचे घड्याळ म्हणजे सूर्य. फटफटले की इंजिन सुरू व्हायचे आणि धागा दिसेनासा झाला की बंद पडायचे. मुंबईच्या अक्षांशावर डिसेंबरअखेरचा दिवस सुमारे 11 तासांचा असतो आणि जूनमधला 13 तासांहून थोडा मोठा. म्हणजे पुरुष कामगाराच्या तासांना कायद्याची कसलीच मर्यादा नसताना वर्षातून काही आठवडे त्याला दोन तास जास्तीची विश्रांती मिळे. मासिक पगारावरच्या माणसाचे त्यात नुकसानही नव्हते. माझे म्हणणे असे की या काळोखाने कामगाराला जे संरक्षण दिले ते सुरक्षिततेच्याच एका सुधारणेने काढून घेतले, आणि ते परत मिळवायला कायद्याला वीसेक वर्षे लागली.

दिवे लावून काम का करीत नसत, याचे उत्तर मालकांच्या दयाबुद्धीत शोधू नये. कापसाची तूस हवेत तरंगते, यंत्रांवर आणि तुळयांवर बसते, जमीन वंगणाने माखलेली असते. अशा ठिकाणी रॉकेलचा किंवा गॅसचा उघडा दिवा म्हणजे आगीला आमंत्रण. शिवाय हे दिवे महाग, त्यांची धग आणि धूर कामगारांच्या अंगावर, आणि इतके करून साच्यावरचा, म्हणजे मागावरचा, तुटलेला धागा नीट दिसेल याचा भरवसा नाही. उलट बाजूने इंधनाचा हिशेब मालकाला अधिक तास चालवायलाच सांगत होता. गिरणीत एक मोठे वाफेचे इंजिन, त्यावरून मजल्यामजल्यांवर फिरणारे दांडे आणि त्यांवरून यंत्रांपर्यंत आलेले चामड्याचे पट्टे, अशी सगळी रचना. पहाटे बॉयलरमध्ये वाफ धरायला जो कोळसा लागे तो गिरणी 11 तास चालली तरी तेवढाच आणि 14 तास चालली तरी तेवढाच. मुंबईला कोळसा जवळ नाही. तो बंगालमधून किंवा थेट विलायतेहून यायचा. म्हणून हिवाळ्यातला आखूड दिवस मालकाला दर पौंड सुतामागे महाग पडे. त्यात थंडीतली हवा कोरडी, सूत जास्त तुटते; मग साचाखात्यात वाफ सोडून हवा दमट करायची. त्या उकाड्यातून भिजलेल्या अंगाने माणूस संध्याकाळच्या गारव्यात बाहेर पडे, पण हा खर्च कोणाच्याच वहीत चढत नव्हता.

सूर्याचे हे राज्य कामगारांना किती मोलाचे वाटत होते याचा सर्वांत स्पष्ट पुरावा 1884 सालचा आहे. 'दीनबंधु'चे संपादक आणि सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबरमध्ये कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यात रविवारची सुट्टी होती, दुपारची अर्धा तास विश्रांती होती, यंत्रात सापडून जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा ही मागणी होती. आणि होते काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच असावे हे कलम. यातला पहिला अर्धा भाग विशेष आहे. संध्याकाळची हद्द सूर्याकडे ठेवून लोखंडे सकाळची हद्द मात्र घड्याळाकडे देत होते, कारण उन्हाळ्यात पहाटे पाचच्या सुमारास कामाला जुंपणारा सूर्य काही कामगारांचा मित्र नव्हता. अपघाताची भरपाई आणि कामाची वेळ ही एकाच अर्जात शेजारी शेजारी असणे हाही योगायोग मानू नये. 1881 च्या फॅक्टरी कायद्याने धोकादायक यंत्रांना कुंपण घालायला सांगितले होते, सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली होती. पण बाराव्या-तेराव्या तासाला ज्याचा हात पट्ट्याकडे सैल पडतो त्याला कुंपण किती पुरणार? 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. 1891 च्या कायद्याने स्त्रियांना 11 तासांची मर्यादा घातली, ती डिसेंबरच्या दिवसाएवढी निघते. प्रौढ पुरुषाला कायद्याने तेव्हाही हात लावला नाही.

मग दिवा आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून एकेका गिरणीत विजेचा प्रकाश येऊ लागला. काचेत बंद असलेली ही ज्योत नसलेली ज्योत, तूस पेटवीत नाही, धूर करीत नाही, धागा स्वच्छ दाखवते. आगीच्या दृष्टीने ही खरीच सुधारणा होती आणि तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. परंतु काळोखाची जी अडचण होती तीच कामगाराची हद्द होती, हे दिवा लावताना कोणी मोजले नाही. 1905 मध्ये कापडाला तेजी आली, वंगभंगानंतरच्या स्वदेशीने मागणी आणखी वाढवली, आणि विजेचे दिवे असलेल्या गिरण्या 14-15 तास चालू लागल्या. हिवाळा आणि उन्हाळा यांतला फरक त्या गिरण्यांपुरता संपला. डिसेंबरातला कामगार काळोखात घर सोडी आणि काळोखातच परते.

त्याच हिवाळ्यात घड्याळही बदलले. 1 जानेवारी 1906 पासून सरकारी प्रमाणवेळ लागू झाली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा 39 मिनिटे पुढे होती. जिथे गिरणीने नवी वेळ घेऊन भोंग्याचा आकडा तोच ठेवला तिथे कामगाराला प्रत्यक्षात 39 मिनिटे आधी उठावे लागे, तेही जानेवारीत, जेव्हा मुंबईत नव्या वेळेने सूर्य सातनंतर उगवतो. कामगारांनी काम बंद पाडले, दगडफेकही झाली. महापालिकेने तर 'मुंबई टाइम' 1955 पर्यंत सोडला नाही. या वादात महापालिकेतल्या फिरोजशहा मेहतांसारख्या नेत्यांचा शहराभिमान लोकांच्या लक्षात राहिला. पण झोपेची 39 मिनिटे ज्यांच्या पदरची जाणार होती त्यांचा विरोध अधिक हिशेबी होता असे मला वाटते.

यावर मालकांचे उत्तर होते, आणि ते अगदीच पोकळ नव्हते. गिरणी 13 तास चालते म्हणून माणूस 13 तास राबत नाही, ते म्हणत. तो विडी ओढायला जातो, आवारात जेवतो, हौदापाशी बसतो. हे खरे होते. पण माणसाने चोरून घेतलेली विश्रांती ही लांब दिवसाची भरपाई असते, समर्थन नव्हे. खात्यावरच्या मुकादमाची, म्हणजे जॉबरची, मर्जी असेल तर ती मिळते आणि नसेल तर दंड बसतो. दुसरे उत्तर नगावर काम करणाऱ्या विणकरांचे नाव पुढे करून दिले जाई: दिवा विझवला तर त्यांचीच कमाई बुडते. हा आक्षेप जास्त जड आहे, कारण हिवाळ्यात विणकराच्या हाती खरोखरच कमी पैसे पडत. मात्र त्यातून सिद्ध होते ते दर अपुरे असल्याचे. पंधरावा तास त्याला हवासा होता असे त्यातून निघत नाही. तिसरा आक्षेप राजकीय. गिरण्यांचे तास कमी करा हा आरडाओरडा लँकेशायरचा, हिंदी कापड मागे पडावे म्हणून. मँचेस्टरचा स्वार्थ उघड होता, 1896 मध्ये हिंदी कापडावर साडेतीन टक्के जकात बसली ती त्याच दबावाने. म्हणून तर राष्ट्रीय बाण्याची बहुतेक पत्रे सुरुवातीच्या फॅक्टरी कायद्यांच्या विरोधात उभी राहिली. पण लोखंड्यांच्या अर्जावरच्या साडेपाच हजार सह्या मँचेस्टरमधून आलेल्या नव्हत्या.

सरकारने 1907 मध्ये मॉरिसन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. बहुसंख्य सदस्य प्रौढ पुरुषांच्या तासांवर थेट बंधन घालायला तयार झाले नाहीत. मद्रासचे डॉ. टी. एम. नायर यांनी भिन्नमतपत्रिका जोडून तेच बंधन मागितले. हेच नायर पुढे जस्टिस पक्षाच्या संस्थापकांत दिसतात. अखेर 1911 च्या कायद्याने कापड गिरण्यांत पुरुषांना 12 तासांची मर्यादा आली. हा आकडा नीट पाहावा. मुंबईतल्या उजेडाची वर्षभराची सरासरी काढली तर ती 12 तासांच्या जरा वरच येते. म्हणजे इतकी वर्षे भांडून कामगाराला मिळाले ते फार तर दिवा येण्याआधी सूर्य देत होता तेवढे. त्यातही हिवाळ्यातला 11 तासांचा दिवस गेला तो गेलाच, आणि जूनमधला दिवस तेवढा थोडा कमी झाला. सूर्याच्या पुढे खरे पाऊल पडले ते 1920 च्या जानेवारीतल्या मोठ्या संपानंतर: दिवसाला 10 तास मुंबईच्या मालकांनी मान्य केले, आणि 1922 पासून आठवड्याला 60 तासांची कमाल मर्यादा कायद्यात आली.

मधल्या काळात इंधनाचा जुना हिशेबही पालटला होता. टाटांच्या जलविद्युत योजनेची कोनशिला 1911 च्या फेब्रुवारीत लोणावळ्याला बसली आणि 1915 पासून खोपोलीची वीज गिरण्यांना मिळू लागली. पावसाळ्यात वळवण-शिरवत्याच्या धरणांत साठवलेले पाणी हिवाळ्यात यंत्रे फिरवू लागले; पहाटे वाफ धरण्याचा कोळसा वाचला. यंत्र सुरू-बंद करणे स्वस्त झाल्यावर एकाच माणसाला लांबवून वापरण्याची इंधनापुरती सबब उरली नाही, आणि पाळ्यांची पद्धत हळूहळू मूळ धरू शकली. अर्थात रात्रपाळीने काळोख परत आणला, आता बारा महिने. 1948 च्या फॅक्टरी कायद्यात उजेड पुरेसा हवा हे कलम 17 मध्ये आरोग्याच्या प्रकरणात होते आणि दिवसाचे 9 तास कलम 54 मध्ये. दिवे उत्तम आहेत म्हणून तास वाढवून मागण्याची सोय त्या रचनेत ठेवलेली नव्हती.