शक्ती प्रोसेसर : फ्लोटिंग-पॉइंट अपवाद आणि क्रम सोडून पूर्ण होणाऱ्या आज्ञा

शक्ती हा चेन्नईच्या आयआयटी मद्रासमधील राइज गटाचा मुक्तस्रोत प्रोसेसर प्रकल्प. प्रा. व्ही. कामकोटी यांच्या नेतृत्वाखाली तो २०१४ मध्ये सुरू झाला. रिस्क-फाइव्ह हा खुला आज्ञासंच त्याचा पाया आहे. यातील सी-वर्ग आज्ञा क्रमाने चालवतो, तर आय-वर्ग क्रम सोडून चालवण्यासाठी आखला आहे. २०१८ मध्ये इंटेलच्या २२ नॅनोमीटर तंत्राने बनलेल्या राइजक्रीक चिपवर लिनक्स चालले.

क्रम सोडण्याचे कारण वेळेतला फरक : फ्लोटिंग-पॉइंट (अपूर्णांकी) बेरीज प्रोसेसरच्या घड्याळाच्या दोन-चार आवर्तनांत होते, भागाकाराला वीसहून अधिक लागू शकतात. तोवर मागच्या आज्ञा उरकून घेणे फायद्याचे. पण त्या रजिस्टरांत उत्तरे लिहून मोकळ्या झाल्यावर भागाकारात शून्याने भागल्याचा अपवाद उठला आणि त्याने काम थांबवले, तर प्रोग्रॅम नेमका कुठवर आला होता हे सांगता येत नाही. १९६७ च्या आयबीएम ३६०/९१ ने ही संदिग्धता पत्करली होती. १९८५ मध्ये जेम्स स्मिथ आणि अँड्र्यू प्लेझकुन यांनी रीऑर्डर बफर मांडला : आज्ञा कधीही पुरी होवो, तिचा परिणाम मूळ क्रमानेच पक्का करायचा.

रिस्क-फाइव्हने पेच मुळाशीच सैल केला. त्यात फ्लोटिंग-पॉइंट अपवाद काम थांबवणारा ट्रॅप उठवतच नाहीत. आयईईई ७५४ मानकाने ठरवलेले उत्तर मिळते (१ भागिले ० म्हणजे अनंत, ० भागिले ० म्हणजे नॅन, अर्थात ‘संख्या नव्हे’) आणि एफसीएसआर रजिस्टरातील पाचांपैकी लागू पडणारे ध्वज उभे राहतात : अवैध क्रिया, शून्याने भागाकार, अतिप्रवाह, अधःप्रवाह आणि अचूकतेचा लोप. एकदा उभा राहिलेला ध्वज सॉफ्टवेअरने पुसेपर्यंत तसाच राहतो, म्हणून कोणत्या आज्ञेने तो आधी उभारला याने फरक पडत नाही. आज्ञा अवैध आहे का, हे मात्र गणिताला हात घालण्यापूर्वीच कळते. त्यामुळे रेंगाळलेल्या भागाकारासाठी मागच्यांना अडवून धरावे लागत नाही. पूर्णांकांच्या भागाकारातही ट्रॅप उठत नाही.

तरी रीऑर्डर बफर सुटत नाही. मेमरीचे पेज-फॉल्ट आणि शाखेचे चुकलेले अंदाज आहेतच. चुकीच्या वाटेवर अंदाजाने केलेल्या भागाकाराचा ध्वज मागे राहता कामा नये, म्हणून आज्ञा पक्की होईपर्यंत ध्वजही बफरमध्येच थांबवतात. ध्वज वाचणाऱ्या आज्ञेला आधीच्या सर्व फ्लोटिंग-पॉइंट आज्ञा संपण्याची वाट पाहावी लागते. आतल्या लूपमध्ये दर फेरीला ते वाचणे म्हणूनच महागात पडते.

ट्रॅप न उठवण्याचा हा निर्णय योग्यच आहे, पण त्याचे ओझे प्रोग्रॅमरवर येते. एक्स८६ प्रोसेसरांवर ग्लिबसी या सी लायब्ररीतून ट्रॅप चालू करता येतो, रिस्क-फाइव्हवर ती विनंती नाकारली जाते. अवकाशयानांत ही बाब गंभीर ठरते. ४ जून १९९६ रोजी एरियान-५ च्या पहिल्या उड्डाणात फ्लोटिंग-पॉइंट संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात मावली नाही, अपवाद कुणी हाताळला नाही, दिशादर्शक संगणक बंद पडले आणि रॉकेट नष्ट झाले. रिस्क-फाइव्हवर ३२ बिटांत न मावणारी मोठी संख्या रूपांतरित केली, तर मावणारी सर्वांत मोठी संख्या हाती येते आणि अवैध क्रियेचा ध्वज उभा राहतो. संगणक चालूच राहतो. ध्वज कुणी पाहिला नाही, तर तीच संख्या पुढच्या गणितात जाते. शक्तीवर आधारलेला आयरिस हा नियंत्रक इस्रोच्या सहभागाने २०२५ मध्ये जाहीर झाला. अशा चिपसाठी लिहिलेल्या कोडमध्ये प्रत्येक जोखमीच्या रूपांतरानंतर ध्वज तपासणे आवश्यक ठरते.